एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएससी : गाडीच्या पकडीचा हिशोब



पावसाळा सुरू झाला की आपल्या बेळगावकरांचे घाटातले येणे-जाणे काही थांबत नाही. कोणी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने साखळी, पणजीला जातो, कोणी आंबोलीमार्गे सावंतवाडीला. गणपतीला तर कोकणात आणि गोव्यात ज्यांची घरे आहेत, त्यांना जावेच लागते. हल्ली बहुतेकांच्या घरात नवी गाडी आहे. तिच्या माहितीपत्रकात एबीएस, ईबीडी, ईएससी, ट्रॅक्शन कंट्रोल असे शब्द छापलेले असतात. शोरूममधला मुलगा ते भराभर म्हणून दाखवतो, आपण मान डोलावतो आणि रंग कोणता घ्यायचा याकडे वळतो. या शब्दांचा अर्थ काय आणि ऐनवेळी आपण काय करायचे, हे साध्या भाषेत सांगावे म्हणून हा लेख. मी इंजिनियर नाही. बी.कॉम. करून सगळी नोकरी बँकेत लेजर-खात्यांत गेली. त्यामुळे समजावण्याची पद्धतही तीच, खात्याची.

पकड म्हणजे खात्यातली शिल्लक

गाडी कितीही मोठी असो, तिचा रस्त्याशी संबंध चार ठिकाणी येतो. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो. वेग वाढवणे, थांबणे, वळणे ही तिन्ही कामे या चार तळहातांच्या पकडीवर चालतात.

ही पकड म्हणजे बँकेतली शिल्लक समजा. कोरड्या डांबरी रस्त्यावर शिल्लक भरपूर असते. रस्ता ओला झाला की ती बरीच कमी होते. त्यावर लाल मातीचा चिखल, ओला पालापाचोळा किंवा सांडलेले ऑइल असेल तर खाते जवळपास रिकामे. महत्त्वाची गोष्ट अशी की ब्रेक आणि स्टिअरिंग दोघांचाही खर्च याच एका खात्यातून होतो. सगळी रक्कम ब्रेकनेच उचलली तर वळण्यासाठी काही उरत नाही.

जुन्या गाडीत करकचून ब्रेक मारला की नेमके हेच व्हायचे. चाके जाम व्हायची आणि गाडी फरफटत सरळ पुढे जायची. स्टिअरिंग पूर्ण फिरवले तरी उपयोग नसे, कारण चाक फिरत असेल तरच ते गाडीला वळवू शकते. घसरणारे चाक कुठेही तोंड करून असले तरी गाडी ज्या दिशेने निघाली आहे त्याच दिशेने जाते.

एबीएस काय करते?

एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तिचे तीन भाग आहेत. प्रत्येक चाकापाशी त्याचा वेग मोजणारा सेन्सर. सगळ्या सेन्सरांची माहिती घेऊन निर्णय करणारा छोटा संगणक. आणि ब्रेक ऑइलचा दाब कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह व पंप.

आपण जोरात ब्रेक मारला आणि एखाद्या चाकाचा वेग बाकीच्यांच्या मानाने एकदम पडू लागला, तर संगणक ओळखतो की हे चाक आता जाम होणार. तो लगेच त्या चाकाचा दाब थोडा सोडतो, चाक पुन्हा फिरू लागते, मग तो दाब परत वाढवतो. हे सोडणे-धरणे एका सेकंदात अनेक वेळा चालते. शिल्लक संपत आली की चेक थांबवणारा आणि पैसे जमा होताच पास करणारा काउंटरवरचा दक्ष माणूस, असे समजा. यामुळे वळण्यापुरती रक्कम खात्यात शिल्लक राहते. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही आपण स्टिअरिंग फिरवून समोरचा अडथळा चुकवू शकतो. एबीएसचा खरा उपयोग हा आहे.

यात आपल्या पिढीने एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. आपण फियाट, अँबॅसडरवर शिकलो. तेव्हा निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबून-सोडून, दाबून-सोडून मारायला शिकवत. त्या गाड्यांसाठी ते बरोबरच होते. एबीएसच्या गाडीत हे काम यंत्र करते आणि आपल्या पायापेक्षा कितीतरी वेगाने, प्रत्येक चाकाचा वेगळा हिशोब ठेवून करते. आपण मध्येच पाय उचलला तर त्याच्या कामात खंड पडतो.

दुसरी गोष्ट, एबीएस काम करताना ब्रेकचा पेडल पायाखाली थरथरतो आणि पुढून खरखर किंवा टकटक असा आवाज येतो. हे माहीत नसले की गाडीत काही मोडले असे वाटून माणूस घाबरून पाय काढतो, तेही नेमके पाय काढायचा नसताना. म्हणून घरातल्या प्रत्येक चालकाला एवढे तीन शब्द पाठ असावेत : दाबा, धरून ठेवा, वळवा. ब्रेक पूर्ण ताकदीने दाबायचा, सोबत क्लच दाबायचा, पेडल थरथरला तरी पाय उचलायचा नाही आणि नजर व स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे न्यायचे.

एबीएसबरोबर ईबीडीही असते. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो आणि मागची चाके हलकी होतात. गाडीत एकटा चालक आहे की मागे तिघे बसून डिकीत सामान भरले आहे, यावरही भार बदलतो. ईबीडी पुढच्या-मागच्या चाकांना झेपेल तेवढा ब्रेक वाटून देते.

ट्रॅक्शन कंट्रोल

एबीएस थांबतानाची काळजी घेते, ट्रॅक्शन कंट्रोल निघतानाची. चढावर, ओल्या गवतावर किंवा चिखलात ॲक्सिलरेटर दाबला की कधी एकच चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. साध्या गाडीच्या रचनेत जे चाक मोकळे फिरते त्याच्याकडेच ताकद वाया जाते. ट्रॅक्शन कंट्रोल तेच सेन्सर वापरून हे ओळखते, इंजिनची ताकद कमी करते आणि गरज पडल्यास फिरणाऱ्या चाकाला थोडा ब्रेक लावते. मग ताकद पकड असलेल्या दुसऱ्या चाकाकडे जाते.

याला एक अपवाद आहे. गाडी खोल चिखलात किंवा वाळूत रुतली असेल तर बाहेर निघण्यासाठी चाक थोडे फिरावेच लागते आणि यंत्रणा इंजिनची ताकद तोडत राहते. अशा वेळी, सोय असल्यास, बटण दाबून ती बंद करावी आणि बाहेर आल्यावर आठवणीने सुरू करावी.

ईएससी : वळणावरचा राखणदार

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. कंपन्या याला ईएसपी, व्हीएससी अशी वेगवेगळी नावे देतात, काम तेच.

हिच्याकडे चाकांच्या सेन्सरांशिवाय आणखी दोन प्रकारची माहिती असते. आपण स्टिअरिंग किती फिरवले, म्हणजे चालकाला कुठे जायचे आहे. आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे व बाजूला किती ओढली जाते आहे. बँकेत पासबुक आणि लेजर ताडून पाहतात तशी ही दोन्ही आकडेवारी ती सतत ताडत असते. तफावत दिसली की दुरुस्ती करते.

तफावत दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात पुढची चाके घसरतात, आपण वळवतो पण गाडी सरळ दरीकडे किंवा समोरच्या लेनमध्ये जाते. तेव्हा ईएससी मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावून गाडीचे तोंड आत ओढते. दुसऱ्या प्रकारात मागची चाके सरकतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरू पाहते. तेव्हा ती बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून फिरणे रोखते. सोबत इंजिनची ताकदही कमी करते. एका चाकाला वेगळा ब्रेक लावणे कोणत्याही चालकाला शक्य नाही, कितीही मुरलेला असला तरी. आपल्याला पेडल एकच असतो.

थोडा इतिहास

चाक जाम होऊ न देण्याची कल्पना आधी विमानांसाठी वापरात आली. मोटारींमध्ये आजच्या स्वरूपाचे इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आणले. ईएसपी १९९५ मध्ये, पुन्हा मर्सिडीजमध्येच आले. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी उलटली. रस्त्यात अचानक मूस नावाचे सांबरासारखे मोठे जनावर आले तर गाडी झटकन चुकवून परत सरळ होते का, हे पाहणारी ती चाचणी होती. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ईएसपी सरसकट बसवले आणि लहान गाड्यांनाही याची गरज आहे हे जगाला कळले. आपल्याकडे मूस नाही, पण आंबोली आणि चोर्ल्याच्या वाटेवर संध्याकाळी गवा आडवा येतो हे आपण जाणतोच.

भारतात नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींनाही त्याच वेळी एबीएस आले, त्याखालच्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पद्धत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत तीन किंवा त्याहून जास्त तारे मिळवायचे तर गाडीत ईएससी असावेच लागते.

यंत्राला जे जमत नाही ते

आता सर्वात महत्त्वाचे. ही तिन्ही यंत्रे शिल्लक जपून खर्च करतात, शिल्लक वाढवत नाहीत. शिल्लक ठरते टायर, रस्ता आणि आपला वेग यांवर.

वेगाचा हिशोब चक्रवाढ व्याजापेक्षा कडक आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. चांगल्या टायरच्या गाडीला कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला ब्रेक लागल्यापासून सुमारे ८ मीटर लागत असतील, तर ८० ला सुमारे ३१ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी धरली तर ८० ला हेच अंतर सुमारे ६३ मीटर होते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तरी गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. एकूण ८५ मीटर. धुक्यात एवढे पुढचे दिसते का, हे ज्याचे त्याने पाहावे.

खडी किंवा सैल मातीच्या रस्त्यावर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर थोडे वाढूही शकते. साचलेल्या पाण्यावरून वेगात गेल्यावर टायर पाण्यावर तरंगू लागला तर कोणतीच यंत्रणा काही करू शकत नाही, कारण खाते शून्य असते. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवून ब्रेक तापले तर एबीएस ते थंड करत नाही. त्यासाठी जुना नियमच खरा, ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे आणि न्यूट्रलमध्ये गाडी कधीच सोडायची नाही.

घरी करायच्या गोष्टी

१. टायर पाहा. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलणे आलेच. नक्षीच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळ्यासाठी त्याआधीच बदललेला बरा. गोटा झालेल्या टायरवर ईएससी असणे म्हणजे रिकाम्या तिजोरीला पहारेकरी ठेवणे. हवेचा दाबही तपासा.

२. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत ते बदला.

३. डॅशबोर्डवरचे दिवे ओळखा. गाडी सुरू करताना ते लागून काही सेकंदांत विझायला हवेत. एबीएसचा पिवळा दिवा चालू राहिला तर साधे ब्रेक बहुधा लागतील, पण चाके जाम होऊ शकतात, म्हणून सावकाश जाऊन लवकर दाखवा. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही राहिला तर गाडी पुढे नेऊ नका. घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा दिवा लुकलुकला तर ईएससी आत्ता काम करते आहे, वेग कमी करा. तो कायम राहिला तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे.

४. सीट इतकी जवळ घ्या की ब्रेक तळापर्यंत दाबताना गुडघा थोडा वाकलेला राहील. पायाशी पाण्याची बाटली लोळू देऊ नका.

५. मोकळ्या मैदानात, आसपास कोणी नसताना, ओल्या मातीवर तीस-चाळीसच्या वेगात एकदा पूर्ण ब्रेक मारून ती थरथर अनुभवा. घरातल्या प्रत्येक चालकाला हे करायला लावा. पायाला ओळख पटली की ऐनवेळी पाय उचलला जात नाही.

६. नवी गाडी घेताना ईएससी आपण घेत असलेल्या व्हेरिएंटमध्ये आहे का, हे लेखी विचारा. काही वेळा ते वरच्या व्हेरिएंटलाच असते आणि बजेट सनरूफवर जाते. सनरूफ नंतर बसवता येईल किंवा नाही, त्यावाचून अडत नाही. ईएससी मागाहून बसवून मिळत नाही.

मुले-सुना नोकरीनिमित्त पुण्या-बेंगळुरूकडे आहेत आणि रात्रीबेरात्री महामार्गाने घरी येतात, अशी आपल्यातली कितीतरी घरे. त्यांना "सावकाश ये" असे आपण फोनवर सांगतोच. या वेळी त्याच्या जोडीला "टायर कधी बदललेस?" हेही विचारावे.