पाच वॉटचे अर्थशास्त्र

अडचणीच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून माणूस जी साधने जमवतो, त्यांची खरी परीक्षा अडचण आल्याखेरीज होत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईच्या मोठ्या भागात दूरध्वनी आणि मोबाइल सेवा ठप्प झाली आणि हजारो माणसांना आपली मुलेबाळे कोठे आहेत हे दुसऱ्या दिवसापर्यंत कळले नाही. मोबाइल हा हातात मावतो. पण तो चालतो तो मनोरे, वीजपुरवठा आणि मध्यवर्ती यंत्रणा यांच्या जोरावर. यांपैकी एक दुवा निखळला की हातातले यंत्र निरुपयोगी ठरते.

याउलट, एका संचातून थेट दुसऱ्या संचात जाणाऱ्या बिनतारी संदेशाला मधल्या कोणत्याही यंत्रणेची गरज नसते. डिसेंबर 2004 मध्ये हौशी बिनतारी संदेशकांची एक तुकडी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात गेली होती. हेतू होता छंदाचा. त्या बेटांवरून जगभरच्या संदेशकांशी संपर्क साधण्याचा. 26 डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली आणि छंदासाठी नेलेले तेच संच पोर्ट ब्लेअरहून आप्तस्वकीयांची खुशाली कळवू लागले. 2001 च्या भूज भूकंपातही हौशी संदेशकांनी असेच काम केले होते. तेव्हा हे साधन कामाचे आहे की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो बेताच्या मिळकतीचा शिक्षक, एखादे महाविद्यालय किंवा गावातले तरुण मंडळ यांनी ते कसे निवडावे आणि कसे उभारावे, हा.

स्वस्ताई आणि कायदा

गेल्या दहा-पंधरा वर्षांत चिनी बनावटीच्या वॉकीटॉकींनी बाजाराचे रूप पालटले. पूर्वी जो संच पोलीस किंवा मोठ्या कारखान्यांनाच परवडे, त्या जातीचा संच सामान्य मोबाइलपेक्षाही कमी किमतीत मिळू लागला. परंतु वस्तू विकत मिळते, याचा अर्थ ती वापरण्याचा हक्कही मिळतो, असा नव्हे. रेडिओलहरींचा पट्टा ही गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. एकाने आपली गुरे वाटेल तेथे सोडली की दुसऱ्याचे चरणे बंद होते. आणि तो दुसरा पोलीस, विमानतळ किंवा रुग्णवाहिका असू शकतो. म्हणूनच 2025 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संगणकीय बाजारपेठांवरील वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीला आवर घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

सामान्य ग्राहकापुढे कायदेशीर वाटा दोन आहेत. पहिली, विनापरवाना वापरता येणाऱ्या अल्पशक्तीच्या संचांची. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अर्ध्या वॉटपर्यंतच्या, मान्यताप्राप्त संचांना 2018 च्या नियमांनी परवान्यातून मोकळीक दिली आहे. शाळेची सहल, गडावरची पदभ्रमंती, जत्रेतील स्वयंसेवक यांना एवढे बहुधा पुरते. दुसरी वाट हौशी संदेशकाच्या परवान्याची. त्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारले जातात. कनिष्ठ श्रेणीला मोर्सच्या कडकट्टची अट नाही. शाळकरी विद्यार्थीही ती परीक्षा देऊ शकतात. हा परवाना असणाऱ्याला 144 ते 146 मेगाहर्ट्झ किंवा 7 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरता येतो; मात्र त्यावरून धंद्याचे वा पैशाचे व्यवहार करता येत नाहीत आणि संदेश सांकेतिक करून लपवता येत नाही. संच घेण्याआधी परवाना, हा क्रम पाळला नाही तर स्वस्त खरेदी महागात पडते.

शेवटचा रुपया कोठे घालावा?

दुकानदार संचाची महती वॉटमध्ये सांगतो आणि वेष्टनावर मैलांचे आकडे छापलेले असतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे सीमान्त लाभाचा नियम आठवावा. पाच वॉटऐवजी दहा वॉटचा संच घेतला तर ऐकणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो. शक्ती चौपट केली तेव्हा कोठे त्याच्या संचावरील संकेतमापक एक अंश पुढे सरकतो. म्हणजे खर्च भराभर वाढतो आणि लाभ मुंगीच्या पावलांनी येतो.

या पट्ट्यांतील लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. म्हणून अंतर ठरते ते मुख्यतः उंचीवर. एरियलची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला सुमारे 4.1 ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे त्या एरियलचे रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील संच दीड मीटर उंचीवर असतो. त्याचे क्षितिज पाच किलोमीटरचे. तोच संच न बदलता त्याला नऊ मीटर उंचीच्या गच्चीवरील एरियल जोडले तर क्षितिज बारा किलोमीटरांवर जाते. दोन संचांतले अंतर म्हणजे दोघांच्या क्षितिजांची बेरीज. हा हिशेब मोकळ्या मैदानाचा आहे. इमारती, झाडी आणि टेकड्या त्यातून आपला वाटा कापून घेतातच. उंचीलाही वर्गमूळाची मर्यादा आहे. अंतर दुप्पट करायचे तर उंची चौपट लागते. तरीही पहिले आठ-दहा मीटर जेवढा लाभ देतात, तेवढा दुसरी कोणतीही खरेदी देत नाही. हातातल्या संचाबरोबर येणारे रबरी वेष्टनाचे आखूड एरियल खिशाला सोयीचे असते, लहरींना नव्हे.

चांगले एरियल विकतच घ्यावे लागते, असेही नाही. तरंगलांबी काढण्याचे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला येते: 300 ला मेगाहर्ट्झने भागले की उत्तर मीटरमध्ये मिळते. 145 मेगाहर्ट्झला ती सुमारे दोन मीटर; तिचा चौथा हिस्सा, किंचित कमी करून, 49 सेंटिमीटर. एवढ्या लांबीची एक तांब्याची किंवा पितळेची सळई उभी आणि जवळपास तेवढ्याच चार सळया खाली तिरक्या झुकवलेल्या, असे हे एरियल. मधली सळई केबलच्या गाभ्याला आणि बाकीच्या चार बाहेरच्या जाळीला जोडायच्या. साहित्य हार्डवेअरच्या दुकानात मिळते. डाग देणारा माणूस रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सापडतो.

खरी फसगत होते ती केबलमध्ये. आरजी-58 या नावाची बारीक केबल स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी. पण 145 मेगाहर्ट्झला तिच्या 30 मीटर लांबीत पाच वॉटपैकी तीन-साडेतीन वॉट वाटेतच जिरतात. 435 मेगाहर्ट्झला तर वरपर्यंत अर्धा वॉटही पोहोचत नाही. कालव्याला भगदाडे असताना धरणाची उंची वाढवण्यासारखाच हा प्रकार. उपाय दोन: केबल शक्य तेवढी आखूड ठेवावी, म्हणजे संच वरच्या मजल्यावर, एरियलच्या जवळ आणावा, किंवा लांबी अटळ असेल तर आरजी-213 सारखी जाड केबल घ्यावी.

जोडणी झाली की एरियलकडून किती शक्ती परत फिरते हे उभ्या लहरींच्या मापकाने तपासावे. एकाने घेतलेला मापक दहा जणांना पुरतो. मंडळ करून काम करण्याचा हा एक फायदा. आपल्याकडच्या पावसाळ्यात केबलच्या उघड्या सांध्यातून पाणी शिरते आणि एकाच मोसमात ती निकामी होते. म्हणून सांध्यांवर रबरी टेप घट्ट गुंडाळणे आवश्यक. विजेच्या तारांजवळ खांब कदापि उभारू नये, खांबाला भूसंपर्क द्यावा आणि वळवाची चिन्हे दिसताच केबल संचापासून सोडवून ठेवावी.

सह्याद्रीपलीकडचा संवाद

कोकणातील गाव आणि घाटमाथ्यावरील जिल्ह्याचे ठिकाण यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत आहे. तेथे नजरेच्या रेषेत जाणाऱ्या लहरींचे काही चालत नाही. उंचावर पुनःप्रक्षेपक असेल तरच निभते. 7 मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र आकाशातील आयनांच्या थरावरून परावर्तित होतात. सुमारे दहा-दहा मीटरच्या दोन तारा, मध्यभागी केबल, दोन्ही टोके झाडाला किंवा बांबूला बांधलेली, उंची सहा-सात मीटर: एवढ्या साध्या एरियलच्या लहरी सरळ वर जाऊन डोंगर ओलांडतात आणि दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या परिघात उतरतात. या पट्ट्यात बारीक केबलही फारसे नुकसान करीत नाही.

अडचण असते ती संचाच्या किमतीची. परदेशी संच मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरचे. या कोंडीतून वाट काढली ती हैदराबादच्या अशर फरहान यांनी. भारतात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर आणि वेटोळी गुंडाळण्यासाठी चक्क नळाचे वॉशर वापरून त्यांनी ‘बिटएक्स’ हा संच रचला आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. पाच-सहा वॉटचा हा संच जगभरच्या हौशी लोकांनी घरी बांधला. पुढे 2016 पासून ‘बिटएक्स 40’ ची तयार पाटी मिळू लागली. तिच्या जुळणीचे काम महिलांच्या गटाने केले. ज्ञान खुले ठेवल्याने साधन किती स्वस्त होते, याचे असे उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे.

महाविद्यालयांनी या गोष्टीकडे केवळ छंद म्हणून पाहू नये. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक संच, गच्चीवर एक तार, मोटारीची एक बॅटरी आणि परवाना मिळवलेले चार-सहा विद्यार्थी, एवढ्यात तालुक्याच्या ठिकाणी एक केंद्र उभे राहते. मात्र ते आठवड्यातून एकदा तरी ठरल्या वेळी चालवले गेले पाहिजे. बॅटरी भारित आहे काय, सांधे शाबूत आहेत काय आणि शेजारच्या केंद्राचा आवाज येतो काय, हे पूर येण्यापूर्वी माहीत असले पाहिजे. कपाटात कुलूपबंद ठेवलेला संच जमाखर्चात संपत्ती म्हणून दिसतो. संकटात तो उपयोगी पडत नाही. यासाठी लागणारा पैसा एखाद्या स्नेहसंमेलनाच्या खर्चाहून अधिक नाही. लागते ती वर्षभर टिकणारी शिस्त, आणि तिची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात करता येत नाही.