संगणकाची शीव

शीव कोळीवाड्यांत राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कितीजणांनीं या नांवाचा विचार केला असेल? शीव म्हणजे हद्द. मुंबईचें बेट येथें संपत असे. पुढें खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. सतराव्या शतकांत इंग्रजांनीं येथील टेकडीवर किल्ला बांधला, तो पलीकडच्या पोर्तुगीज मुलुखावर नजर ठेवण्यासाठीं. मागाहून खाडीवर बांध पडला, आगगाडी आली, शहर पसरत गेलें आणि शीव शहराच्या पोटांत येऊन बसली. नांव मात्र राहिलें. आज आम्हांस जिच्याविषयीं सांगावयाचें आहे ती शीव याहून लहान आहे. ती संगणकाच्या स्मृतींत आंखलेली असते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं एक संगणक चालूं झाला. पुढें १९६२ सालीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालें. त्याच्या स्मृतींत चाळीस बिटांचे अवघे २०४८ शब्द मावत. अशा यंत्रावर एका वेळीं एकच काम चाले, म्हणून एकाची सामग्री दुसऱ्याच्या हातीं लागण्याचें भय नव्हतें. आजच्या घरगुती संगणकावर एकाच वेळीं शेंकडों कामें चालतात. वडिलांचा बँकेचा व्यवहार, मुलाचा निबंध, मुलीचें चित्र, हें सारें एकाच स्मृतींत शेजारीं शेजारीं नांदत असतें. त्यांच्यामध्यें हद्दी आंखून देणारा जो मुख्य कार्यक्रम, त्यास ‘कर्नल’ म्हणतात. (पलटणींतील कर्नलसाहेबांशीं याचा कांहीं संबंध नाहीं, येथें या शब्दाचा अर्थ बीजांतील गर असा आहे.) कर्नल स्मृतीचीं ४०९६ बाइटांचीं ‘पानें’ पाडतो, आणि कोणतें पान कोणत्या कार्यक्रमाचें याची वही ठेवितो. प्रोसेसर ती वही पाहिल्यावांचून कोणत्याहि कार्यक्रमास स्मृतीस हात लावूं देत नाहीं.

येथपर्यंतची व्यवस्था चोख दिसते. परंतु स्मृतीस हात लावणारा प्रोसेसर एकटा नव्हे.

प्रोसेसर हा एखाद्या गोदामाचा मुनीम आहे असें समजा. डिस्क, नेटवर्कचें कार्ड, चित्रें दाखविणारें कार्ड हे त्याचे हमाल. प्रत्येक पोतें मुनिमानेंच उचलावयाचें म्हटलें तर हिशेब कोणीं करावा? म्हणून हमालांस थेट गोदामांत शिरून माल ठेवण्याची व उचलण्याची मुभा दिलेली असते. या सोयीस ‘डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस’, आद्याक्षरांनीं डी.एम.ए., असें नांव आहे. ती नसती तर आजचे वेगवान संगणक होतेना. पण वहीचें बंधन मुनिमास. हमाल वही पाहत नाहीं. सांगितलेल्या खणांतच तो जाईल हा नुसता विश्वास झाला.

हा विश्वास किती महाग पडतो हें २००४ सालीं मॅक्सिमिलियन डॉर्नसाइफ या संशोधकांनीं दाखवून दिलें. गाणीं ऐकावयाचा आयपॉड त्यांनीं ‘फायरवायर’च्या तारेनें संगणकास जोडला, आणि त्याच्याकडून संगणकाची स्मृति वाचवून घेतली. कर्नलानें आंखलेल्या हद्दी जेथल्या तेथें होत्या. हमाल मागच्या दारानें गेला, इतकेंच.

यावर उपाय म्हणजे मागच्या दारावरहि पहारेकरी नेमणें. प्रोसेसरजवळच्या या पहारेकऱ्यास आय.ओ.एम.एम.यू. म्हणतात. आतां हमालास काम द्यावयाचें झालें कीं कर्नल त्याच्या नांवाची एक चिठ्ठी करितो. गंमत अशी कीं, चिठ्ठीवरचा खणाचा अंक खरा नसतो. खरा खण कोणता हें पहारेकऱ्याच्या वहींत लिहिलेलें असतें, आणि तो हमालास तेथेंच पोहोंचवितो. चिठ्ठीवांचून कोणी आला तर दार उघडत नाहीं, व तशी नोंद कर्नलाकडे जाते.

खरी पंचाईत चिठ्ठी परत घेतांना होते. पहारेकरी प्रत्येक वेळीं वही उघडत नाहीं. नेहमींचे खण तो ध्यानांत ठेवितो. म्हणून चिठ्ठी रद्द केली तर “हें विसर” असें त्यास निराळें सांगावें लागतें, आणि त्यांत वेळ जातो. लिनक्समध्यें याच्या दोन तऱ्हा आहेत. कडक तऱ्हेंत दर चिठ्ठीमागें लागलीच सांगतात. सैल तऱ्हेंत रद्द चिठ्ठ्या सांठवून एकदम सांगतात. मध्यें फार तर दहा मिलिसेकंद जातात. आपल्याला हा निमिषहि वाटणार नाहीं, पण तेवढ्यांत हमाल गोदामांत कितीतरी फेऱ्या मारूं शकतो! तिसरी तऱ्हा म्हणजे पहारेकऱ्यानें सर्वांस न विचारतां आंत सोडणें. कुलूपबंद खोलींतील, केवळ हिशेबासाठीं राबणाऱ्या यंत्रास ती चालेल. घरच्या किंवा शाळेच्या यंत्रास ती देऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. वेग थोडा कमी झाला तरी चालेल.

इतकें करूनहि एक फट राहते. पहारेकरी पानापेक्षां लहान तुकडा ओळखत नाहीं. नेटवर्कवरून आलेला १५०० बाइटांचा मजकूर ४०९६ बाइटांच्या पानावर ठेवला, तर उरलेल्या जागेंत दुसऱ्याचें कांहीं असल्यास तेंहि हमालास दिसतें. केंब्रिज विद्यापीठ व त्यांचे सहकारी यांनीं २०१९ सालीं ‘थंडरक्लॅप’ या नांवानें अशाच फटी दाखविल्या, आणि पहारेकरी असून त्यास कामावर न लावणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमहि दाखविल्या. त्याच वर्षीं लिनक्सनें थंडरबोल्टच्या तारेनें बाहेरून जोडलेल्या यंत्रांस परकें मानण्यास आरंभ केला. परक्याचा माल निराळ्या कोऱ्या पानावर उतरवून घेऊन मग आंत नकलून घेण्याची तजवीजहि झाली.

पालकांनीं येथें एक गैरसमज करून घेऊं नये. साधा पेन ड्राइव्ह अशा रीतीनें स्मृतींत शिरत नाहीं. त्याचा माल संगणकांतलाच यू.एस.बी.चा कंट्रोलर आंत नेतो. पेन ड्राइव्हचे धोके निराळे. थंडरबोल्टच्या तारेस मात्र जपावें, आणि तिचें तोंड कित्येकदां यू.एस.बी.च्या तोंडासारखेंच असतें!

शाळेच्या संगणककक्षांत आम्हीं हें पाहूं गेलों तेव्हां एक मौज झाली. कर्नलास कडक तऱ्हेची आज्ञा आम्हीं दिली होती, तरी पहारेकऱ्याचा पत्ता नव्हता. दोन संध्याकाळीं कर्नलाच्या नोंदी वाचण्यांत गेल्या. अखेर कळलें कीं, यंत्र सुरू होतांना सर्वांआधीं जी मांडणी वाचली जाते, तिच्यांतच पहारेकरी बंद करून ठेविला होता. ज्यास दारावरच येऊं दिलें नाहीं त्यास कर्नल हुकूम काय करणार? तेवढी एक खूण बदलून यंत्र पुन्हां सुरू केलें, आणि नोंदींत प्रत्येक हमालाचा गट उमटला. त्यांत दोन कार्डें एकाच गटांत निघालीं, कारण त्यांच्यामधील पूल त्यांना एकमेकांपासून वेगळें ठेवूं शकत नव्हता. अशा जोडींतील एकास कांहीं दिलें तर तें दुसऱ्यासहि दिलें असेंच धरावें लागतें. त्यांतलें एक कार्ड आम्हीं दुसऱ्या खांचेंत बसविलें, तेव्हां दोघांचे गट निराळे झाले.