कळलावीला कोरडी झोप हवी

पावसाळ्यात यवतमाळच्या पानगळीच्या जंगलात झुडपांना बिलगून कळलावी फुलते. फूल आधी हिरवट, मग पिवळं, शेवटी लालभडक. पानांची टोकंच मुरडून आधार धरतात. औषधासाठी कंद उपसले गेल्याने ती विरळ होत चालली आहे. म्हणून जंगलातून नको, रोपवाटिकेतूनच कंद आणा. नांगराच्या फाळासारखा हा कंद जूनच्या तोंडावर दोन-तीन बोटं खोल, आडवा लावा. टोकाचा कोंब मोडू देऊ नका. काळ्या मातीत पाणी साचून कंद सडतो, तेव्हा वाळू किंवा मुरूम भरपूर मिसळा. हिवाळ्यात वेल वाळली, तरी ती मेलेली नसते. पाणी बंद करा, कंद उन्हाळाभर कोरडा राहू द्या. कंद जीवघेणा विषारी आहे. रताळं समजून खाणारे दगावले आहेत. मुलंबाळं, गुरं पोहोचतील तिथे ही वेल लावू नका.