बेल वाजवण्यापूर्वी
मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान सुमारे १५-१६ तास आकाशात असते. तिकिटाला भरपूर पैसे मोजलेले, तेव्हा बेल वाजवताच हवाईसुंदरीने धावत यायलाच हवे, असे कित्येकांना वाटते. पाणी जरूर मागावे. तिथल्या कोरड्या हवेत घसा सुकतोच. पण जड बॅगा वर चढवणे, रडणारे मूल सांभाळणे हेही तिचेच काम? आणि चुटकी वाजवून बोलावणे तर निव्वळ असभ्यपणा! १९३० मध्ये पहिली हवाईसुंदरी ठरलेली अमेरिकेची एलन चर्च प्रशिक्षित नर्स होती. आजही प्रवाशांची सुरक्षा हेच या कर्मचाऱ्यांचे पहिले काम आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान पेटले, तेव्हा त्यांनी सर्वच्या सर्व ३६७ प्रवाशांना जिवंत बाहेर काढले. बॅगा मात्र आतच राहिल्या.