दीड कोटी खळग्या आणि एक मायक्रोग्रॅम

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत कर्करोगाचा विषय निघाला की बोलणं धुराकडे, नाल्यातल्या सांडपाण्याकडे, नाहीतर अणुभट्टीकडे वळतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरलं होतं, तेव्हा तो प्रश्न लावून धरायलाच हवा. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला हातभार लावणारी आणखी एक गोष्ट आहे. ती चिमणीतून नाही, आपल्याच स्वादुपिंडातून येते, आणि तिची चर्चा जवळपास होतच नाही.

मोठ्या आतड्याच्या अस्तरात सुमारे दीड कोटी सूक्ष्म खळग्या असतात. एकेकीत साधारण दोन हजार पेशी. चार-पाच दिवसांत त्यातल्या बहुतेक झडतात आणि तळाशी बसलेल्या मूळपेशी नव्या घडवतात. लहान-मोठं आतडं मिळून रोज सुमारे 4 हजार कोटी पेशी तयार होतात. पृथ्वीवरच्या माणसांच्या पाचपट, एका माणसाच्या पोटात, एका दिवसात.

प्रत्येक नव्या पेशीसाठी डीएनएची 640 कोटी अक्षरं उतरवून घ्यावी लागतात. इतक्या नकला करताना चुका होणारच. इंग्लंडमधल्या वेलकम सँगर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निरोगी आतड्यातल्या खळग्या एकेक करून वाचल्या आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडले: मूळपेशीत वर्षाला चाळीसेक बदल साचतात, आणि पन्नाशी-साठीच्या माणसाच्या सुमारे एक टक्का खळग्यांत कर्करोगाकडे नेऊ शकणारा किमान एक बदल सापडतो. दीड कोटींचा एक टक्का म्हणजे दीड लाख. म्हणजे आज फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या धडधाकट माणसाच्या पोटातही अशा दीड लाख जागा असू शकतात.

तरीही भारतात वर्षाला या कर्करोगाचे नवे रुग्ण 70 हजारांच्या आसपासच असतात. बहुतेक खळग्या जन्मभर गप्प राहतात. एक चूक पुरत नाही, अनेक लागतात. आणि चुकलेल्या पेशीला ‘वाढ’ असा हुकूमही मिळावा लागतो.

तो हुकूम देणाऱ्यांपैकी एक म्हणजे इन्सुलिन. अवघ्या 51 अमिनो आम्लांचा रेणू. उपाशीपोटी आपल्या सगळ्या रक्तात मिळून ते जेमतेम एक मायक्रोग्रॅम भरतं. मिठाचा एक बारीक कण याच्या कितीतरी पट जड असतो. पण त्या एका मायक्रोग्रॅममुळे रक्ताच्या प्रत्येक थेंबात इन्सुलिनचे सुमारे 80 कोटी रेणू असतात, आणि जेवणानंतर हा आकडा पाच-दहा पट होतो. त्याचा भाऊबंद आयजीएफ-1 हा 70 अमिनो आम्लांचा, बहुतांशी यकृतात तयार होणारा. रक्तात तो इन्सुलिनच्या काहीशे पट असतो, पण त्यातला 99 टक्के वाहक प्रथिनांनी बांधून ठेवलेला. इन्सुलिन कायम चढं राहिलं की त्यातली काही प्रथिनं घटतात आणि मोकळा आयजीएफ वाढतो. दोघंही पेशीला तेच सांगतात: विभागत राहा, मरू नकोस. आधीच चुकलेल्या पेशीला यापेक्षा सोयीचं काय? एकीच्या दोन, दोनाच्या चार असं तीस वेळा झालं की शंभर कोटींवर पेशी होतात, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरची गाठ.

हा हुकूम नसला तर काय होतं, हे इक्वेडोरच्या डोंगरात दिसलं. तिथल्या 99 ठेंगण्या माणसांमध्ये जन्मतः वाढीच्या संप्रेरकाचा ग्राहीच (रिसेप्टर) सदोष असल्याने आयजीएफ-1 अत्यल्प होतं. 2011 च्या अहवालानुसार त्यांच्यात कर्करोग एकालाच झाला होता, तोही जीवघेणा नव्हता. त्यांच्या नातेवाइकांत मात्र हे प्रमाण 17 टक्के होतं.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. आणि जास्त चरबी म्हणजे सहसा चढं इन्सुलिन. याज्ञिकांच्याच पथकाने पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली: सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळांचं 3.5. आपली बाळं बारीक, तरी चरबी टिकवलेली, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन चढं. हे वाचलं की मला पालघर जिल्ह्यातला जव्हार-मोखाडा आठवतो. 1992 मध्ये तिथल्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्या वर्षांत जगलेली मुलं आज पस्तिशीच्या आसपास आहेत. कुपोषित पोटी जन्मलेलं शरीर, पुढे कारखान्याची पाळी, वडापाव आणि साखरेचा चहा: माझ्या मते पालघर जिल्ह्याची खरी चिंता या जोडीत आहे. रात्रपाळीला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आहे, आणि 2019 च्या तिच्या आढाव्यात आतड्याच्या कर्करोगाशी संबंधही नोंदला आहे.

देशात 10 कोटींवर मधुमेही आहेत आणि 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर. त्यांना एक गोष्ट ठासून सांगायला हवी: इन्सुलिनचं इंजेक्शन घाबरून थांबवू नका. साडेबारा हजार जणांवर सहा वर्षं चाललेल्या ‘ओरिजिन’ चाचणीत त्याने कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. हुकूम कमी करायचा तो चालून. 2025 च्या ‘चॅलेंज’ चाचणीत शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या 889 रुग्णांपैकी ज्यांना शिस्तीने व्यायाम करायला लावला, त्यांच्यात मृत्यूचा धोका 37 टक्क्यांनी कमी झाला. एखाद्या औषधाने एवढं केलं असतं तर त्याची जाहिरात प्रत्येक स्टेशनवर लागली असती.

काट्यावरच्या वजनावर विसंबू नका, कंबर मोजा: पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या, बायकांची 80 च्या आत हवी. आणि शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध समजून घरगुती औषधावर महिने काढू नका, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.