परवाना मिळाला, बाजारपेठ गेली

बेकायदा ठरलेले पीक कायदेशीर झाले की ते पिकविणाऱ्याचे भले होते, ही समजूत वरकरणी रास्त वाटते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गांजाच्या बाबतीत मात्र नेमका उलटा अनुभव आला. लहान शेतकऱ्याच्या नावाने केलेली तरतूद कशी पोकळ होते, याचा हा धडा गांजाशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही अभ्यासावा असा आहे.

या राज्याच्या उत्तरेस हम्बोल्ट, मेंडोसिनो व ट्रिनिटी हे तीन डोंगराळ जिल्हे आहेत. १९६० नंतरच्या दोन दशकांत शहरी जीवनाला विटलेली तरुण मंडळी तेथे वसली आणि झाडीत दडलेल्या लहान तुकड्यांवर गांजा पिकवू लागली. १९८३ पासून हंगामात हेलिकॉप्टरमधून धाडी पडू लागल्या. या धोक्यामुळेच मोठे भांडवल या पिकापासून दूर राहिले आणि भावही चढे राहिले. बंदी ही लहान शेतकऱ्याची वैरीण होती, तसेच एका अर्थी त्याचे कुंपणही होती.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘प्रस्ताव ६४’ सार्वमताने संमत झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून प्रौढांना परवानाधारक दुकानांतून विक्री सुरू झाली. कुंपण गेल्यावर लहान शेतकरी उघडा पडेल, हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. एक एकराहून मोठ्या लागवडीचे परवाने १ जानेवारी २०२३ पूर्वी देऊ नयेत, असे कायद्यातच म्हटले होते. लहानांना पाय रोवण्यासाठी मिळालेली ही पाच वर्षांची सवड होती.

परंतु नोव्हेंबर २०१७ मध्ये जे नियम निघाले, त्यांत दहा हजार चौरस फुटांपर्यंतचे लहान परवाने एकाने किती घ्यावेत, यावर मर्यादाच घातली नव्हती. धनवंत कंपन्यांनी असे डझनावारी परवाने शेजारी शेजारी मांडून मोठमोठे मळे उभे केले. कमाल जमीनधारणेचा कायदा कागदोपत्री वाटण्या करून कसा चुकविला जातो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. येथे तर नातलगांची नावे लावण्याचेही कष्ट पडले नाहीत.

त्यात भर पडली कराची. लागवडीवरील कर किमतीवर नव्हे, तर वजनावर होता. सुकविलेल्या फुलांसाठी तो आरंभी औंसाला ९.२५ डॉलर, म्हणजे पौंडाला १४८ डॉलर होता. भाव चढे असताना असा कर सोसतो. भाव कोसळले तरी तो तेवढाच राहतो आणि उत्पन्नाचा मोठा घास घेतो. उत्पादन वाढून २०२१ च्या सुमारास घाऊक भाव कोसळले, तेव्हा नेमके हेच घडले. १ जुलै २०२२ पासून हा कर रद्द झाला. पण तोवर अनेकांची शेती मोडली होती. शिवाय सर्वसाधारण नियमानुसार शेतकऱ्याला ग्राहकास थेट माल विकता येत नाही. परवानाधारक वितरकाच्या हातूनच तो दुकानी जातो. राज्यातील बहुसंख्य नगरपालिकांनी दुकानांनाच मनाई केली असल्याने या वाटाही मोजक्याच.

या दुखण्यावर नेमके बोट ठेवणारे विधेयक त्या भागाचे प्रतिनिधी जेरेड हफमन यांनी २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये मांडले. देशव्यापी बंदी उठल्यावर, उघड्यावर एक एकरापर्यंत लागवड करणाऱ्यास आपला माल टपालाने थेट ग्राहकाकडे पाठविण्याची मुभा द्यावी, असे त्यात म्हटले होते. हे विधेयक कायद्यात उतरले नाही. तथापि परवान्यापेक्षा बाजारपेठेचा हक्क मोलाचा, हे त्यात ओळखलेले दिसते.

ही ओळख आपल्या उपखंडाला नवी नाही. बंगालमधील नौगाव येथे १९१७ मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. व्यापाऱ्यांच्या कचाट्यात सापडलेल्या लहान शेतकऱ्यांचा माल संस्थेमार्फत विकला जाऊ लागला आणि नफ्यातून शाळा व दवाखाने चालले. पुढे बांगलादेशात गेलेल्या या भागातील लागवड १९८७ मध्ये बंद झाली. पण सरकारी नियंत्रण आणि लहान शेतकऱ्याचे हित एकत्र नांदू शकतात, हे त्या संस्थेने दाखविले होते.

मादक पदार्थ पिकविणाऱ्याची कड का घ्यावी, असे कोणी विचारील. गांजाचे सेवन अपायकारक आहेच. परंतु एकदा समाजाने त्याच्या विक्रीस मान्यता दिली की प्रश्न उरतो तो मिळकत कोणाच्या पदरी पडावी हा. आणि खप वाढविण्याचे बळ लहान शेतकऱ्यापेक्षा मोठ्या भांडवलाकडे कितीतरी अधिक असते.

भारतात १९८५ च्या कायद्याने गांजावर बंदी असली, तरी औषधी व औद्योगिक उपयोगासाठी लागवडीस परवानगी देण्याचा मार्ग राज्यांना मोकळा आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीस वाट करून दिली. हिमाचल प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक अभ्यासास मान्यता दिली. डोंगरातील अर्ध्या-एक एकराच्या धन्याचे नाव या योजनांतही घेतले जाईल. त्याला परवाना किती स्वस्त मिळाला, हे पाहून समाधान मानू नये. एकाच्या हाती किती परवाने जाऊ शकतात, कर कशावर बसतो आणि माल कोणाच्या दारातून बाजारात जातो, ही तीन कलमे आधी वाचावीत.