पोत्यावरची खूण, फोल्डरवरचे चित्र

आज मी एका अगदी लहान गोष्टीबद्दल बोलणार आहे. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर पिवळ्या रंगाची कागदी पाकिटासारखी चित्रे दिसतात. ते फोल्डर, म्हणजे आपल्या फायली ठेवायचे कप्पे, आणि त्यांच्यावरचे चित्र म्हणजे आयकॉन. हे पिवळे चित्र बदलून तिथे आपल्या पसंतीचे चित्र लावता येते. पुष्कळांना हा रिकामपणचा उद्योग वाटतो. मलाही तसेच वाटत असे. नांदेडला मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. मुले फोल्डरला गुलाबाची फुले नाहीतर क्रिकेटपटूंचे चेहरे लावत बसली, की मी त्यांच्यावर रागावत असे. माझे मत बदलले ते लातूरच्या आडत बाजारात, एका मुनीमजींमुळे.

गोष्ट २००७ सालची. लातूरला माझ्या मामांचे आडत दुकान. दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीने लोहा, अहमदपूर करत लातूरला गेलो, तेव्हा दुकानात नवा कॉम्प्युटर आलेला होता. हिशोबपट्ट्या टाइप करायला एक मुलगा संध्याकाळी येत असे. पण दिवसा शेतकऱ्याने मागची पट्टी मागितली, की मुनीमजींचा खोळंबा होई. माणूस हिशोबाला पक्का. चाळीस पोत्यांची हमाली, तोलाई तोंडी सांगणारा. पण इंग्रजी अक्षराशी त्यांची ओळख नव्हती, आणि फोल्डरांची नावे सगळी इंग्रजीत.

तुम्ही म्हणाल, नावे मराठीत का दिली नाहीत? त्यालाही कारण होते. त्या काळी आपल्याकडे मराठी टाइप होत असे ते बहुधा खास फाँटमध्ये. त्या फाँटची गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या लेखी ती अक्षरे इंग्रजीच असत. फक्त त्यांच्यावर मराठी अक्षरांचा पोशाख चढवलेला असे. पत्र लिहिताना तो पोशाख दिसे, पण फोल्डरचे नाव विंडोज आपल्या स्वतःच्या अक्षरात दाखवी. मग ‘तूर’ लिहावे आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसावा. युनिकोड नावाची पद्धत आलेली होती. विंडोज एक्सपीमध्ये तिची सोयही होती, पण ती मूळ सीडी घालून बसवावी लागे. दुकानातल्या कॉम्प्युटरबरोबर ती सीडी नव्हती.

तेव्हा मला क्लासमधली ती गुलाबाची फुले आठवली. नाव वाचता येत नसेल तर नसो, चित्र तर ओळखता येईल! मी एका पांढऱ्या बशीत तूर, हरभरा, सोयाबीन, मूग, उडीद असे पाच जिन्नस ठेवून फोटो काढले आणि त्यांचे आयकॉन केले. मोठ्या हौसेने मुनीमजींना बोलावले. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “सर, ही तूर हाय का हरभरा? समदं सारखंच दिसायलंय.”

त्यांचे बरोबर होते. आयकॉन म्हणजे ठिपक्यांची रांगोळी असते. बत्तीस ओळी, प्रत्येक ओळीत बत्तीस ठिपके, म्हणजे सगळे मिळून एक हजार चोवीस ठिपके. एवढ्या जागेत फोटोतला बारकावा मावत नाही. दाणे एकमेकांत मिसळतात आणि उरतो तो नुसता रंग. हल्लीच्या आयकॉनमध्ये दोनशे छप्पन ठिपके लांब-रुंद एवढे मोठे चित्रही असते, पण यादीत दिसताना ते पुन्हा लहानच होते. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश १९८४ साली आला. त्याची चित्रे सुझन केअर या चित्रकर्तीने सुरुवातीला चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढली होती. पुढे १९९० साली आलेल्या विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीसाठीही त्यांनी काम केले. त्यांच्या चित्रांत रेघा थोड्या, पण वस्तू चटकन ओळखू यावी.

मी विचारले, “मग काय लावू?” मुनीमजींनी दुकानाच्या ओट्यावरच्या थप्पीकडे बोट केले. पोत्यांवर रंगाने मोठ्या खुणा केलेल्या होत्या. “जे पोत्यावर हाय, तेच हितं लावा की.”

मी पांढऱ्या चौकोनावर लाल रंगात ठसठशीत ‘तू’ काढला, हिरव्यात ‘मू’, काळ्यात ‘उ’, पिवळ्यावर ‘ह’, निळ्यात ‘सो’. फोल्डरचे नाव मराठीत होत नव्हते, पण त्याचा चेहरा मराठी झाला. दुसऱ्या दिवसापासून मुनीमजी आपल्या हाताने पट्टी काढून देऊ लागले.

आपल्याकडे ही युक्ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा आपला भाग हैदराबाद राज्यात होता. बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून देशभर प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावले. मतदाराने चिन्ह पाहावे आणि आपली मतपत्रिका त्या पेटीत टाकावी. पेटीवरचे ते चिन्ह म्हणजे एका अर्थी आयकॉनच. सरकारी अभिलेख कक्षातही कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करून वेगवेगळ्या रंगांच्या कापडांत गठ्ठे बांधायची पद्धत आहे. पडद्यावरचा फोल्डर हासुद्धा कचेरीतूनच आला. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली ‘स्टार’ नावाचा कॉम्प्युटर काढला. कचेरीतल्या माणसाला बुजायला होऊ नये, म्हणून त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर अशी टेबलावरच्या वस्तूंची चित्रे ठेवली होती.

आता चित्र बदलायचे कसे? फोल्डरवर माऊसचे उजवे बटण दाबा. यादीतून ‘प्रॉपर्टीज’ निवडा. वरच्या पट्टीत ‘कस्टमाइज’ आणि खाली ‘चेंज आयकॉन’ दिसेल. ते दाबले की विंडोजची स्वतःची बरीच चित्रे समोर येतात. एक निवडून ‘ओके’ म्हणा. एक्सपीत हीच रीत होती आणि आजच्या विंडोज अकरामध्येही हीच आहे. स्वतःचे चित्र लावायचे तर ते ‘आयसीओ’ प्रकारच्या फाइलीत लागते. इरफानव्ह्यूसारख्या प्रोग्राममधून कोणतेही चित्र तसे साठवता येते. कंटाळा आला तर त्याच जागी ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ आहे. ते दाबले की पिवळा फोल्डर परत.

यात आत काय घडते, तेही पाहू. विंडोज त्या फोल्डरच्या पोटात ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ नावाची एक छोटी चिठ्ठी लपवून ठेवते. चिठ्ठीत एवढेच लिहिलेले असते, की याचे चित्र अमुक जागी आहे. शिवाय ही चिठ्ठी वाचावी म्हणून फोल्डरवर एक न दिसणारी खूण केली जाते. यावरून दोन गोष्टी कळतात. चित्राची फाइल हलवली किंवा पुसली, की फोल्डर पुन्हा पिवळा होतो. म्हणून ती फोल्डरच्या आतच ठेवलेली बरी. आणि दुसरे, महत्त्वाचे. चित्र बदलल्याने आतल्या मालाला काही होत नाही. ते चित्र म्हणजे नुसती ओळख. ती खरी आहे याची हमी कुणी घेतलेली नसते.

इथे मला नांदेडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. लातूरला जाण्याच्या काही महिने आधीची. आमच्या क्लासमध्ये कंधारकडून एक मुलगी एसटीने येत असे. एके दिवशी ती पेनड्राइव्ह घेऊन रडकुंडीला आली. तिचे फोल्डर दिसत होते, पण उघडत नव्हते. तिच्या प्रोजेक्टचे सगळे सर्वेक्षण, सहा महिन्यांचे काम, त्यातच होते. मी व्हायरस काढण्याचा प्रोग्राम चालवला. त्याने ते सगळे फोल्डर व्हायरस म्हणून पुसून टाकले. पेनड्राइव्ह रिकामा दिसू लागला. मी तिला सांगितले, “गेलं सगळं.” आणि व्हायरसचा अंशही राहू नये म्हणून पेनड्राइव्ह फॉरमॅट करून तिच्या हातात ठेवला. तिने हाताने भरलेल्या फॉर्मांवरून सगळे आकडे पुन्हा टाइप केले. रात्री जागून.

पुढे जानेवारीत, तुरीची आवक सुरू झाली तेव्हा, लातूरहून मुनीमजींचा फोन आला. “सर, तुरीचं पोतं बदलल्यालं दिसायलंय. खूण गेली, पिवळं झालंय. मी काई हात लावला न्हाई.” कुणीतरी दुकानात पेनड्राइव्ह लावला होता. मी रविवारी गेलो. पाहतो तो, पाचही फोल्डरांच्या जागी साधे पिवळे फोल्डर. नावे तीच. पण ते फोल्डर नव्हतेच. ते प्रोग्राम होते, फोल्डरचे चित्र अंगावर घेतलेले. डबल क्लिक केले की फोल्डर उघडण्याऐवजी व्हायरस चालू झाला असता. त्या वर्षांत असे व्हायरस पेनड्राइव्हवरून गावोगाव फिरत होते. आणि मुनीमजींचे खरे फोल्डर? ते तिथेच होते. व्हायरसने त्यांना फक्त लपवले होते.

लपवले होते, पुसले नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आले, की नांदेडच्या त्या मुलीचे कामही पेनड्राइव्हवर तसेच शाबूत असणार. व्हायरसने ते घालवले नव्हते. ते मी घालवले होते, फॉरमॅट करून.

लपलेले फोल्डर परत दिसावेत म्हणून ‘ॲट्रिब’ नावाची एक आज्ञा आहे. ती मी चालवली आणि पट्ट्या जशाच्या तशा मिळाल्या. फक्त चित्रे गेली. कारण लपवल्याच्या खुणांबरोबर चिठ्ठी वाचण्याची ती खूणही त्या आज्ञेने पुसली. पाच चित्रे पुन्हा लावायला दहा मिनिटे लागली.

चित्र बदलले नसते, तर मुनीमजींनी पिवळ्या फोल्डरात पिवळा फोल्डर ओळखला नसता. पण सगळ्यांना असे पाहरेकरी कुठून मिळणार? म्हणून एक सवय लावून घ्या. फोल्डरांची यादी ‘डिटेल्स’ या स्वरूपात पाहा. ‘टाइप’ नावाच्या रकान्यात खऱ्या फोल्डरपुढे ‘फाइल फोल्डर’ असे येते. तिथे ‘ॲप्लिकेशन’ दिसले, तर तो बहुरूपी समजा आणि हात लावू नका. तसेच फाइलीच्या नावाचे शेपूट विंडोज लपवून ठेवते, ते दिसेल असे करा. ‘व्ह्यू’मधल्या ‘शो’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली की झाले. फोल्डरसारख्या दिसणाऱ्या वस्तूला ‘ईएक्सई’ असे शेपूट असेल, तर तो फोल्डर नव्हे. आणि फोल्डर गायब झाले, तर फॉरमॅट करण्याआधी ते लपलेले तर नाहीत ना, हे पाहा. महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत तर हवीच हवी.

हे फक्त आपल्या बाजारातले प्रकरण नव्हते. २०१० साली उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ हा व्हायरस इराणच्या अणुप्रकल्पापर्यंत पोहोचला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक म्हणजे शॉर्टकटचा आयकॉन दाखवण्यातली विंडोजची चूक. क्लिक करायचीही गरज नव्हती, चित्र दिसले तरी पुरे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये ती चूक दुरुस्त केली. विंडोजची नवी दुरुस्ती आली की ती टाळू नये, ती यासाठी.

आता फोल्डरला सरळ मराठी नाव देता येते. तरीही घरच्या कॉम्प्युटरवर दोन-तीन फोल्डरांना वेगळे चित्र जरूर लावा. सातबारा आणि घराचे कागद एकात, दवाखान्याचे रिपोर्ट दुसऱ्यात. रात्री-अपरात्री घाई होते, तेव्हा घरातल्या कुणालाही ते एका नजरेत सापडले पाहिजेत. चित्र कोणते, हे मात्र तुम्ही ठरवू नका. जो उघडणार आहे, त्याला विचारा.

कंधारच्या त्या मुलीला मी लातूरहून परतल्यावर फोन केला. चूक माझी होती, असे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सर, माझं तर झालं आता. पण पुढच्या पोरांना सांगा.” तेव्हापासून प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी मी हे सांगत आलो. आज तुम्हालाही सांगितले.